सीटकव्हरखालचा पट्टा

३ जानेवारी, शुक्रवार

पेणच्या रेक्झिनवाल्याने यंदा कॅलेंडरऐवजी डायरी दिली. मी कशाला लिहितोय, दुकानात पडून राहील, असं वाटलं होतं. पण आज मोबाइलवर जे आलं ते कुठेतरी ओकल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

झालं असं. सोमवारी पेणला माल आणायला गेलो होतो. आज मेसेज आला, ई-चलान. सोबत फोटो. फोटोत मी. हात स्टिअरिंगवर, तोंड उघडं, आणि सीटबेल्ट लावला नाही म्हणून दंड. तोंड उघडं का, तर मी गाणं म्हणत होतो. माझ्या गाडीत, काचा बंद करून, माझ्यापुरता गात होतो आणि सरकारने वरून फोटो काढला. माणसाने कुठे म्हणून मोकळं व्हायचं?

घरी फोटो दाखवला तर शांती पदर तोंडाला लावून हसायला लागली. म्हणे, लग्नातल्यापेक्षा बरा आलाय. निशी म्हणाली, "पप्पा, मी रोज सांगते पट्टा लावा म्हणून." ते खरं आहे. तिने तो सेफ्टीचा डिप्लोमा केल्यापासून गाडीत पाऊल टाकलं की पहिलं वाक्य तेच. पप्पा, पट्टा. तिच्या आईलाही सवय लागली, ती पण म्हणते, अहो पट्टा. दोघींनी माझं डोकं उठवलंय. मी काय कुकूबाळ आहे?

६ जानेवारी, सोमवार

डोकं अजून थंड झालेलं नाही. दंड भरणार नाही. प्रश्न पैशाचा नाहीच, प्रश्न हक्काचा आहे.

छाती माझी, गाडी माझी, पेट्रोल माझं. मी पट्टा लावला नाही तर मरणार कोण? मी. समोरच्याला काही होतंय का? हेडलाइट लावला नाही तर दंड करा, समजू शकतो, समोरच्याला दिसणार नाही. दारू पिऊन चालवली तर आत टाका. पण माझ्या छातीवर काय असावं हे ठरवणारे हे कोण? उद्या म्हणतील थंडी पडलीय, स्वेटर घातला नाही, भरा दंड. वालाच्या बिरड्यात तेल जास्त झालं, भरा दंड.

आणि हे सांगतंय कोण? ज्यांना हायवे पुरा करता आला नाही ते. माझी निशी शाळेत होती तेव्हापासून त्या रस्त्याचं काम चालू आहे. पोरीचं शिक्षण झालं, रस्ता तसाच. नागोठण्याच्या पुढे खड्डे चुकवताना माणूस सीटवरून वर उडतो आणि हे म्हणतात पट्टा लावा. आधी रस्ता द्या ना राव. काळुरामच्या इको व्हॅनमध्ये सकाळी माणसं कोंबलेली असतात, मांडीवर पोरं, पोरांच्या मांडीवर पिशव्या. त्यात कोणाला पट्टा पुरणार हाय, असं काळुराम विचारतो. काळुराम माझा शाळेपासूनचा दोस्त, रोहा-पेण इको चालवतो. त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

९ जानेवारी, गुरुवार

आज तर कहर झाला. मी गेली किती वर्षं अष्टमीच्या पुलाजवळ सीटकव्हरचं दुकान चालवतोय, रोह्यात कोणालाही विचारा. 'निशिगंधा सीट कव्हर्स', पोरीच्या नावाचं दुकान. माझं काम कशासाठी ओळखतात? सपाट मागच्या सीटसाठी. मागच्या पट्ट्यांची ती बक्कलं असतात ना, ती कव्हर चढवताना मी आत दाबून टाकतो आणि वरून सलग शिलाई मारतो. बसल्यावर कोणाला काही टोचत नाही. सीट दिवाणासारखी गुळगुळीत. लोक कोलाडहून येतात त्या कामासाठी.

तर वरसे गावचा एक बँकवाला आला. म्हणे, सध्या रस्ता सुरक्षेचं अभियान चालू आहे, मागच्यांनीही पट्टा लावायचा असतो, तेवढी भोकं पाडून बक्कलं वर काढून द्या. मागच्या दिवाळीत मीच त्याचं कव्हर शिवलं होतं. माझ्या शिलाईत मी भोकं पाडू? नाही म्हटलं. तो म्हणाला, पैसे घ्या की. मी म्हटलं, पैशाचं सोडा, ज्या हाताने शिवलं त्या हाताने फाडणार नाही. गेला तोंड वाकडं करून. दुपारपर्यंत आणखी दोघे तेच मागायला आले. मग मी खडूने पाटी लिहून लावली: 'येथे पट्टे वर काढून मिळणार नाहीत.' शांती म्हणाली, गिऱ्हाईक जाईल. जाऊ दे. तत्त्व म्हणून काही असतं की नाही?

पट्टा न लावल्यावर गाडी टिंगटिंग करते ती बंद करायला बक्कलात खोचायची क्लिप मात्र भरपूर खपतेय. लोक माझ्याच बाजूने आहेत, हे त्यावरून कळतं.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. तिळगूळ घ्या, गोड बोला. बोललो दिवसभर गोड. आज मुद्द्याचं काम केलं.

तहसीलदारांना निवेदन द्यायचं ठरवलंय. काळुराम आणि आणखी इकोवाले सह्या करतील. मजकूर मी सांगितला, निशीने मोबाइलवर टाइप केला. तिची बोटं काय भराभर चालतात. मी सांगत गेलो: 'प्रत्येक सज्ञान माणसाला आपलं भलंबुरं कळतं. काळजीच्या नावाखाली त्याच्या आयुष्याचे निर्णय दुसऱ्याने घेणे हा त्याचा अपमान आहे. धोका पत्करायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. समजावून सांगा, पण सक्ती करू नका.' ही शेवटची ओळ मला फारच आवडली. परत वाचायला लावली.

निशी मध्येच थांबली आणि विचारलं, "पप्पा, सज्ञान म्हणजे अठरा वर्षं पुरी झालेला ना?"

मी म्हटलं, हो, कायद्यानेच तसं आहे.

"बाई असली तरी?"

म्हटलं, अगं बाई काय, बुवा काय, माणूस म्हणजे माणूस. 'स्त्री असो वा पुरुष' असंही टाक म्हटलं. तिने टाकलं. पोरगी हुशार आहे, मसुदा कुठे पक्का करायचा हे तिला कळतं. माझ्यावर गेलीय.

१८ जानेवारी, शनिवार

निशीने आज जेवताना विषय काढला. डोलवीच्या प्लांटमध्ये कोणी कंत्राटदार आहे, त्याला सेफ्टीची माणसं हवी आहेत, तिला इंटरव्ह्यूला बोलावलंय. जाऊ का?

मी म्हटलं, नाही.

उगाच नाही म्हणत नाही मी. शिफ्ट असते. कधी पहाटे, कधी रात्री. तो हायवे, ते ट्रेलर, आजूबाजूला सगळे पुरुष. ती बावीस वर्षांची पोर, तिला काय कळतंय बाहेर काय काय असतं ते? आणि काम तरी कसलं, दिवसभर लोकांना सांगत फिरायचं, हेल्मेट घाला, पट्टा बांधा. म्हणजे सरकार माझ्या छातीवर बसलंय ते बसलंय, वर माझी पोर तोच धंदा करणार! डिप्लोमा मी करू दिला तो एवढ्यासाठी की क्लास रोह्यातच होता आणि लग्न होईपर्यंत घरी बसून पोर कंटाळली असती. दोन वर्षांत चांगलं स्थळ बघून देऊ. तोवर दुकानात बिलं कर म्हटलं, कोणी नको म्हणालंय?

ती ताट उचलून आत गेली. शांतीने भांडी आवरायला घेतली. आमच्या घरात वाद होत नाहीत, ही एक फार चांगली गोष्ट आहे. स्कूटी घेऊन दिली तेव्हाही सांगितलं होतं, कुंडलिकेच्या पुलापलीकडे जायचं नाही, चावी माझ्याजवळ राहील. आजवर कधी तक्रार नाही. आपण काळजीपोटी सांगतो हे पोरांना कळतं.

२२ जानेवारी, बुधवार

शांती आणि निशी सकाळीच अष्टमीला हळदीकुंकवाला गेल्या. सकाळी कसलं हळदीकुंकू म्हणून विचारलं, तर शांती म्हणाली, तिथे मदतीला बोलावलंय. यायला दिवेलागण झाली. निशीने चक्क डिप्लोमाच्या वेळचा पांढरा ड्रेस घातला होता. म्हटलं, अगो साडी तरी नेसायची. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

येताना शांतीने पोह्याचे पापड आणले. पेणचे. एक नंबर होते. अष्टमीला आता पेणचे पापड मिळायला लागले म्हणजे बरंच झालं, तेवढ्यासाठी पेणला जायला नको. शांतीला म्हटलं, त्या दुकानाचं नाव सांग, आणखी आणतो. तिला आठवेना.

२६ जानेवारी, रविवार

आजचा दिवस लक्षात राहील. झेंडावंदन झालं आणि संध्याकाळी काळुरामच्या शेतात पोपटी लावली. यंदा वालाच्या शेंगा काय भरल्यात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, कोंबडीचे तुकडे, तोंडाशी परत पाला, मडकं उपडं आणि भोवती जाळ. सगळे इकोवाले, त्यांची घरची माणसं, आमच्या दोघी पण होत्या. मडकं शिजेपर्यंत काळुराम म्हणाला, आता प्रविणशेठ बोलतील.

मी बोललो. नुसता बोललो नाही, पेटलो. म्हटलं, आज प्रजासत्ताक. प्रजा म्हणजे आपण. मग सत्ता कोणाची? माझ्या गाडीत मी राजा का नाय? ज्याला आपला जीव आपल्या हातात ठेवायचा हक्क नाय तो माणूस स्वतंत्र कसला? टाळ्या पडल्या. एक म्हातारी आजी पण टाळ्या वाजवत होती, तिला ऐकू येत नाही, पण भावना पोचली असावी.

तेवढ्यात काळुरामने खोडी काढली. म्हणाला, "प्रविण, तुझ्या पोरीने तर सेफ्टीचा कोर्स केलाय. ती काय म्हणते पट्ट्याला?"

मी लगेच उत्तर दिलं. "ती काय म्हणणार? माझी पोर माझ्या शब्दाबाहेर नाय."

याच्यावर सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. निशी उरलेल्या शेंगा सोलत बसली होती, ती उठून जाळापाशी गेली आणि लाकडं पुढे सारू लागली. धुराने तिचे डोळे लाल झाले होते. म्हटलं, तू कशाला गो, पोरं आहेत ना. ती म्हणाली, असू दे.

येताना गाडीत दोघींपैकी एकीनेही पट्टा लावा म्हटलं नाही. भाषणाचा परिणाम. घरच्यांना पटलं म्हणजे अर्धी लढाई जिंकली.

२९ जानेवारी, बुधवार

निवेदन दिलं. तहसील कचेरीतल्या कारकुनाने शिक्का मारून पोच दिली आणि कळवू म्हणाला. काळुराम सोबत होता. बाहेर येऊन चहा घेतला. चहा पिता पिता तो सहज म्हणाला, "निशीचं काय झालं मग? लागली का?"

मी म्हटलं, कुठे?

"डोलवीला. मागच्या बुधवारी वहिनी आणि ती माझ्याच गाडीने आल्या ना. डोलवीला उतरल्या. संध्याकाळी पेण स्टँडला परत भेटल्या. वहिनींनी पापड घेतले होते."

 मी हो हो म्हटलं, बघू म्हटलं. त्याच्यासमोर दुसरं काय म्हणणार?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलीय. पापड! माझ्याच ताटात वाढले आणि मी वर दुकानाचं नाव विचारतोय.

३१ जानेवारी, शुक्रवार

घरात कोणाशी बोललो नाही. त्याही बोलायला आल्या नाहीत. जेवण वेळेवर मिळतंय.

२ फेब्रुवारी, रविवार

आज गाडी धुवायला काढली. मागचं दार उघडलं आणि बघतच राहिलो. माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर, माझ्या स्वतःच्या हातच्या शिलाईवर, ब्लेडने चीर मारलेली. उजव्या बाजूला, निशी बसते तिथे. चिरेतून बक्कल वर काढलेलं. दुकानाची जाहिरात म्हणून शिवलेली सीट ती. गिऱ्हाइकाला मी दार उघडून दाखवतो.

ओरडतच घरात गेलो. कोणी केलं हे? निशी पोळ्या लाटत होती. लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, मी केलं.

कधी?

पोपटीच्या दुसऱ्या दिवशी.

मग माझं सगळंच एकदम बाहेर आलं. डोलवी, पापड, खोटं हळदीकुंकू, ब्लेड. बापाला फसवता, बापाच्या कामावर ब्लेड चालवता, माझ्या घरात राहून. मी बोलत होतो आणि ती पीठ लागलेले हात तसेच धरून उभी होती. मला वाटलं रडेल. रडली नाही.

ती म्हणाली, "खोटं बोललो ते चुकलं पप्पा. त्याची माफी मागते. दुसऱ्या कशाची नाय मागणार."

मी म्हटलं, म्हणजे?

"पट्ट्याचं तुमचं म्हणणं मला पटतं. सक्ती नको. मी दंडाला भिऊन लावत नाय, मला लावायचा असतो म्हणून लावते. पण तुमच्या गाडीत मला लावताच येत नव्हता, तुम्ही शिवून टाकलेला. डोलवीचंही तसंच हाय. मला घेतलंय त्यांनी. सतरा तारखेला हजर व्हायचंय. पेणला भूमिका म्हणून मैत्रीण हाय माझ्या वर्गातली, तिच्या खोलीवर राहीन, तिथून बस हाय. तुम्ही हो म्हणालात तर मला बरं वाटेल. नाय म्हणालात तरी मी जाणार हाय."

मी म्हटलं, तुझ्या काळजीनेच नाय म्हणतो ना!

ती म्हणाली, "ते मला ठाऊक हाय, पप्पा. दंड करायचा असला तर करा."

  कसला दंड करणार मी तिला? शांतीकडे बघितलं, म्हटलं, तू काही सांगशील का हिला. शांती तव्यावरची पोळी उलटत होती. न वळताच म्हणाली, "निवेदन परत एकदा वाचा तुम्ही."

कशाला वाचू? मीच सांगितलंय ते. तोंडपाठ आहे मला. त्याचा इथे काय संबंध?

५ फेब्रुवारी, बुधवार

निशीच्या डोक्यात हे भरवलं कोणी, याचा मी विचार करतोय. क्लासमधल्या पोरींनी असणार. नाहीतर मोबाइलने. घरात तर असं काही बोललं जात नाही.

सरकार परकं आहे. त्याला माझं नावही माहीत नाही, गाडीचा नंबर तेवढा माहीत. त्याने मला सांगणं आणि बापाने पोरीला सांगणं यात फरक आहे की नाही? तिला ताप आला की रात्रभर बसलोय मी. सरकार बसलं होतं? मग मी नाही सांगायचं तर कोणी सांगायचं? हे मी शांतीला विचारलं. ती म्हणाली, सांगा की. सांगायला कोण अडवतंय? पण बोलताना ती निशीच्या चादरीच्या घड्या घालत होती. पेणला न्यायच्या.

पेणचा विषय बंद, चावी देणार नाही, बघतो कशी जाते, असं म्हटलं. निशी म्हणाली, स्कूटी नकोच, एसटीने जाईन. शांत आवाजात. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याला गप्प करता येतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

तो बँकवाला दिसला. दुसरीकडून बक्कलं वर काढून घेतलीत. काय घाण काम केलंय! कात्रीने टराटरा कापलेलं, कडा उसवायला लागलेल्या, आतला फोम दिसतोय. महिन्याभरात चिंध्या होतील. त्याला तसं सांगितलं, तर म्हणाला, तुम्ही करून दिलं नाहीत ना.

संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी माझी गाडी आत घेतली. निशीने मारलेली चीर बघितली. वाकडी आहे, ब्लेड दोनदा घसरलंय. ती रेक्झिन कापायला शिकली नाही, मीच कधी मशीनवर बसू दिलं नाही, हाताला लागेल म्हणून. कव्हर उतरवलं. चीर सरळ केली, आतून अस्तराची पट्टी लावली आणि कडेने काळं पायपिंग फिरवलं. शर्टाच्या काजासारखं नीट बसलं. डावीकडेही तसंच एक केलं, नाहीतर सीट एका बाजूने विचित्र दिसते.

हे कोणासाठी केलं असं काही नाही. माझ्या दुकानासमोर उभी असते गाडी. उसवलेली सीट लोकांनी बघितली तर माझी काय किंमत राहणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

निशीने ते बघितलं.  रात्री माझ्या ताटात वाढताना बिरडं जरा जास्तच घातलं. मी ते सगळं संपवलं.

जेवून उठताना मी सांगितलं, एसटीला गर्दी असते, सामान असेल, मी सोडायला येतो. परवानगी दिली असं कोणी समजू नका, असंही म्हटलं. सामानाचा प्रश्न आहे म्हणून येतोय. शांती म्हणाली, व्हय व्हय, सामानाचाच.

१६ फेब्रुवारी, रविवार

सोडून आलो.

सकाळी निघालो. शांती पुढे, निशी मागे, बाजूला तिची बॅग, गादी आणि आईने भरलेला लोणच्याचा डबा. बसल्या बसल्या मागून टक् असा आवाज आला. पट्टा बसला. मग शेजारून शांतीनेही लावला. तिने कधी लावला नव्हता, तिला सापडेना, निशीने मागून वाकून लावून दिला. मी गाडी चालू केली आणि थांबलो. दोघी समोर बघत होत्या. माझी क्लिप खोचलेली असते, त्यामुळे गाडीही काही बोलली नाही. मग निघालो.

रस्ताभर मी एकटाच बडबडत होतो. खड्ड्यांवर बोललो, कंत्राटदारांवर बोललो. डोलवी आली तशी निशी काचेला नाक लावून प्लांटच्या त्या उंच चिमण्यांकडे बघायला लागली. लहानपणी जत्रेतल्या पाळण्याकडे बघायची तशी. 

वडखळला पोलीस उभे होते. लांबून दिसले. एरवी शांती माझं कोपर हलवते, अहो पट्टा, अहो पट्टा, आणि मी तिच्यावर खेकसतो. आज ती खिडकीबाहेर बघत बसली. आरशातून मागे बघितलं. निशीलाही पोलीस दिसले होते, तिची नजर त्यांच्यावरून माझ्यावर आली आणि परत बाहेर गेली. मी वाट बघितली. खरं सांगायचं तर गाडी मुद्दाम हळू केली. एकीनेही तोंड उघडलं नाही. पोलिसाने हात केला, दंड झाला, पुढे निघालो. शांतीने पाण्याची बाटली पुढे केली, तेवढंच.

भूमिकाची खोली बरी आहे. जिना अंधारा आहे. दाराची कडी मी दोनदा ओढून बघितली, खिडकीचे गज बघितले, घरमालकीण बाईंना भेटलो. नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारलं. मग विचारण्यासारखं काही उरलं नाही. शांती पोरीला कवेत घेऊन खूप वेळ उभी होती. निशी माझ्या पाया पडली. मी म्हटलं, शिफ्ट संपली की फोन कर. लगेच म्हटलं, वाटलं तर कर. ती म्हणाली, करीन पप्पा.

ती खाली गाडीपर्यंत आली. मी बसलो. काच पुसली, आरसा उगाच वरखाली केला, चावी शोधली, ती हातातच होती. निशी खिडकीशी उभी. पोरगी ओठ घट्ट मिटून उभी होती, डोळे भरलेले. मी म्हटलं, "काय सांगायचंय का?"

ती म्हणाली, "नाय. तुमचं तुम्ही ठरवायचं ना, पप्पा."

आणि हात हलवला.

 मला एवढा राग कधी आलेला नाही, आणि तो कोणावर आलाय तेही नीट सांगता येईना. तसाच आलो घरी, बिनपट्ट्याचा. उद्यापासून ही पोर दिवसभर परक्या माणसांच्या मागे लागणार, दादा पट्टा बांधा, काका पट्टा बांधा, त्यांनी ऐकलं नाही तरी परत परत सांगणार. बापाला अजून एकदा सांगायला तिला काय झालं होतं?